आकडीतला कोयता

शिळफाट्याच्या बाजारात मैना कुठं बसते हे शोधायला डोळे लागत नाहीत, कान पुरतात. "घे गं बाय, कडवं वाल हायत! बिरडं कर, नवरा ताट चाटूनपुसून ठेवंल!" हा आवाज हायवेवरच्या ट्रकांच्या हॉर्नलाही हार जात नाही. वय पंचावन्न, ठेंगणी, काटक, काष्टा कसलेला आणि पाय सदा घाईत. ती चालते तेव्हा लोकांना वाटतं धावतेय, आणि साधं बोलते तेव्हा वाटतं भांडतेय. नवरा रसायनीच्या एका कारखान्यातून रिटायर झाला, आता दारची दोन खाचरं बघतो. त्याचं नाव पोपट, पण दिवसाकाठी दहा शब्द बोलला तरी त्या घरात सण. उरलेले सगळे मैनाच्या वाट्याला आलेत आणि तिनं त्यातला एकही कधी वाया घालवलेला नाही.

अशी ही बडबडी बाई एका गोष्टीबद्दल मात्र आठ वर्षं गप्प होती. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, गावच्या देवीपुढंही तोंड उघडलं नव्हतं.

माघातल्या एका मंगळवारी भर बाजारात तिचा फोन वाजला. पलीकडून दीक्षा वकील बोलत होती. "मावशी, आपलं अपील बोर्डावर लागलंय. येत्या गुरुवारी सुनावणी. आत्ता निघता का खालापूरला? सगळे कागद एकदा वाचायचेत."

मैनानं वालाची टोपली शेजारणीपुढं ढकलली. "तू इक गं, काय येईल ते ठेव," असं म्हणेपर्यंत ती रस्त्याच्या पलीकडे पोचलीसुद्धा होती. सुटलेली एसटी तिनं नुसत्या आवाजावर थांबवली. कंडक्टरनं विचारलं, कुठं आग लागली? "आग नाय रं, माजा भाऊ सुटायचाय!" तिनं सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगून टाकलं.

भावाची गोष्ट अशी. मैनाच्या पाठचे दोन भाऊ, थोरला पदू आणि धाकटा सखा. माहेर धामणवली, कर्जतच्या हद्दीत; मैनाच्या सासरहून, साळवडहून, शेतातली वाट धरली तर तासाभराचा रस्ता. बाप गेल्यावर जमीन वाटली गेली, पण मधला बांध सामाईक राहिला आणि त्या बांधावर ऐनाचं एक जुनं झाड. इकडे राब भाजल्याशिवाय भाताची रोपं टाकत नाहीत. थंडीत ऐनाच्या फांद्या, म्हणजे कवळं, तोडायची, सुकवायची, रोपाच्या जागेवर पसरायची, वर गवत-माती घालून चैत्रात पेटवून द्यायची. तो ऐन एक वर्ष पदूनं तोडायचा, एक वर्ष सखानं. एका वर्षी झाड रोगट म्हणून कुणीच तोडलं नाही, आणि पुढच्या वर्षी पाळी कुणाची यावरून दोघांचं बिनसलं. बाकी काही नव्हतं. भांडणाला इतकं पुरलं.

आठ वर्षांपूर्वीच्या त्या माघात सखा झाडावर चढला, कवळं पाडली आणि खाली उतरला, तर पदू बुंध्याशी उभा. शिव्या झाल्या, मग गचांडी धरली गेली. पदूनं गळा दाबला तसा सखाच्या हाताला ढिगातला एक फाटा लागला आणि त्यानं तो घातला. एकच. तो पदूच्या डोक्यात बसला. तिसऱ्या दिवशी पदू हॉस्पिटलातच वारला.

सखाला जन्मठेप लागली, तीनशे दोन. पोलिसांचं म्हणणं, सखा कोयता घेऊन मारायच्याच तयारीनं गेला, कोयत्याच्या बोथट पाठीनं डोकं फोडलं आणि मग तो लपवला. कोयता सापडलाच नाही. सखाच्या वकिलानं त्याला पढवलं होतं, काहीही विचारलं तरी म्हण, मला माहीत नाही. सखा तेच म्हणत राहिला. ठरत आलेलं त्याचं लग्न मोडलं. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. मैनाला एकाच आठवड्यात दोन्ही भाऊ गेल्यासारखं झालं, आणि एकाला तरी परत आणीन म्हणून तिनं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. पहिला वकील तारखा घेत राहिला. शेवटी मोफत कायदा-मदतीतून दीक्षा मिळाली, खालापूरच्या रामभाऊ मास्तरांची लेक, तिशीची, हायकोर्टात नवी आणि चिवट.

दीक्षाचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. मैना धापा टाकत वर पोचली तेव्हा टेबलावर वीतभर उंच गठ्ठा होता.

"मावशी, आजवर तुम्हाला कुणी या साक्षी वाचून दाखवल्या?"

"मला? मी काय कलेक्टर हाय? सही कर म्हनले, अंगठा नको म्हनले, सही केली."

"मग आज ऐका." दीक्षानं वाचायला सुरुवात केली. पंचांची साक्ष, डॉक्टरांची. कवटीला एकच जखम, कठीण आणि बोथट वस्तूची. मग तिनं पान उलटलं. "साक्षीदार क्रमांक चार, मयताची पत्नी चांगुणा."

"तिचं नको वाचूस." मैनानं तोंड फिरवलं. पदूच्या बायकोचं, आपल्या भावजयीचं, नाव तिनं आठ वर्षं घेतलं नव्हतं. हिनंच कोर्टात उभं राहून सखाकडं बोट दाखवलं होतं. धामणवलीला कुणाचं लग्न निघालं तरी मैना आधी विचारायची, ती येणार हाय का? येणार असेल तर ही जायची नाही.

"ऐकावं लागेल, मावशी." दीक्षा वाचत राहिली. "'मी भाकरी घेऊन येत होते. कवळांच्या ढिगापलीकडे माझे पती पडलेले दिसले. मारताना मी पाहिले नाही. सखा भावजी पळत होते. त्यांच्या आकडीत कोयता खडखडत होता.' याच वाक्यावर सेशन जज्जांनी धरलंय बघा. आरोपीजवळ कोयता होता हे सिद्ध झालं, असं लिहिलंय..."

"थांब!"

दीक्षा दचकली.

"मागं जा. काय म्हनली ती? खडखडत व्हता?"

"हो. आकडीत कोयता खडखडत होता."

मैना ताडकन उठली. "अगं पोरी, मग हातात कसा असंल?" आता तिला खोली पुरेना. खुर्ची बाजूला सारून तिनं पदर खोचला. "हे बघ. कमरंला दोरी. दोरीला हितं, पाठीमागं, लाकडाची आकडी. तिच्या खाचंत कोयता. आमची मानसं कोयता हातात धरून फिरत नायत गं, झाडावर चढायला दोनी हात लागतात. आन मानूस पळाया लागला की तो खाचंत हलतो, खडखड खडखड! लांबनं वाजतो. आमी पोरी लहानपनी वळखायचो, बाबा रानातनं घाई-घाईनं येतायत." आणि ती त्या सहा पावलांच्या खोलीत खरोखर पळून दाखवू लागली. खालचा झेरॉक्सवाला वर डोकावून गेला.

दीक्षा पेन शोधत होती. ते तिच्याच केसांत होतं. "पण सरकारी वकील म्हणतील, मारला आणि परत आकडीत ठेवला."

"भावाच्या डोक्यातनं रगत वाहातंय, आन हा पाठीमागं हात घालून खाच शोधत बसंल? बरं, ऱ्हाऊ दे ते. रागानं कोयता उपसला तर मानूस पाठ कशाला मारंल गं? धार पुढंच असती! पाठ मारायची तर कोयता उलटा फिरवायला लागतो. एवढा इचार कराया सवड असती तर भांडनच झालं नसतं!"

मग दीक्षानं टेबलावर थाप मारली. "धारदार कोयता कमरेला आहे आणि तो त्याला हातसुद्धा लावत नाही. समोर पडलेली फांदी उचलतो. एक मारतो, दुसरा मारत नाही. मावशी, ज्याला जीवच घ्यायचा असतो तो असं करतो का? हे तीनशे दोन नाहीच! कागदावर आठ वर्षं पडलंय आणि कुणाला दिसलं नाही. मलासुद्धा नाही." दोघींनी एकमेकींचे हात धरले. दीक्षा हसत होती, मैना रडत होती. मग मैना एकदम खाली बसली.

"दीक्षा बाय, दार लाव."

दीक्षानं दार लावलं.

"कोयता माज्याकडं हाय."

आठ वर्षांपूर्वी सखा शेतातनं धावत थेट तिच्याच दारात आला होता. शब्द फुटत नव्हता, सारखं "दादा, दादा" चाललं होतं. मैनाला एवढंच कळलं की काहीतरी विपरीत घडलंय आणि भावाच्या कमरेला कोयता आहे. तिनं तो खसकन काढला आणि पडवीच्या कौलाखाली वाश्यात खोचला. त्यावर रक्ताचा थेंब नव्हता, ऐनाचा चीक तेवढा होता. पण पोलीस येणार, कोयता बघणार आणि म्हणणार हाच खुनी, एवढंच तिच्या डोक्यात आलं. पोलीस आले. सखाच्या कमरेची रिकामी आकडी त्यांनी जप्त केली. कोयता कुठाय? मैना म्हणाली, ठाऊक नाय. सखानं बहिणीकडं एकदा पाहिलं आणि तोही तेच म्हणाला. पुढं मारही खाल्ला, तरी तेच.

"निकालात तर लिहिलंय, हत्यार लपवलं यावरून आरोपीचं मन कळतं," दीक्षा हळू आवाजात म्हणाली.

"म्हंजे मीच त्याला आत घातला?"

खोटं बोलायला दीक्षाला जमत नसे. "तुमच्यामुळं अवघड झालं, मावशी. पण आता सांगता येईल. तुमचं प्रतिज्ञापत्र करू. फक्त एक, पुरावा लपवला म्हणून तुमच्यावरही केस होऊ शकते."

"होऊं दे. लिही तू." मैनानं डोळे पुसले. "मी आत गेले तर पोपटाला बोलायची सवय तरी लागंल."

गुरुवारी पहाटेच दीक्षा आणि तिचा भाऊ कपिल व्हॅन घेऊन साळवडला आले. मैना जरीचं लुगडं नेसून, मांडीवर पिशवी घेऊन पुढं बसली. खालापूरच्या टोलनाक्यावर गाडीला गचका बसला आणि पिशवीत काहीतरी खणकन वाजलं.

"मावशी, पिशवीत काय आहे?"

"चटणी-भाकर."

"चटणी-भाकर वाजते होय?" दीक्षानं पिशवी ओढली. आत, फडक्यात गुंडाळलेला, कोयता. "अहो, हायकोर्टाच्या गेटवर तपासणी असते! सखाला सोडवायला निघालो, त्याऐवजी तुम्हालाच ठेवून यायचं का?"

व्हॅन परत साळवडला. पोपट अंगणातच उभा होता, जणू त्याला हे ठाऊकच होतं. मैनानं त्याला परवा रात्री सगळं सांगितलं होतं. त्यानं ऐकून नुसती मान हलवली होती. आता त्यानं कोयता घेतला, स्वतःच्या कमरेची आकडी दोरीसकट सोडली आणि बायकोच्या हातात दिली. "ही दाखव," तो म्हणाला. दोन शब्द, पण त्या दिवशी तेच कामाला आले.

कोर्टात मैनाला मागच्या बाकावर बसवलं. समोर दोन जज्ज, एक पिकल्या केसांचे आणि एक बाई. नंबर लागेपर्यंत मैनानं पदराचं टोक पिळून पिळून त्याचा दोरखंड केला होता. दीक्षा उभी राहिली. ती इंग्रजीत बोलत होती. मैनाला त्यातलं "कोयता" आणि "आकडी" एवढंच कळत होतं, आणि प्रत्येक वेळी ती बाकावरून अर्धी उठत होती. कपिल तिला खाली ओढत होता.

सरकारी वकील उठला. तोही जोरात बोलला. पिकल्या केसांचे जज्ज कपाळाला आठी घालून कागद चाळू लागले. तेवढ्यात जज्जबाईंनी चष्मा वर केला आणि चक्क मराठीत विचारलं, "ही आकडी म्हणजे नेमकं काय? ती अशी वाजते तरी कशी?"

दीक्षानं मागं वळून पाहिलं. मैनानं पिशवीतून आकडी काढली. ती तीन हातांतून पुढं गेली. दीक्षानं काळ्या गाऊनवरून दोरी बांधली, आकडी पाठीवर नेली, कारकुनाची लाकडी पट्टी मागून घेतली आणि खाचेत सरकवली. मग ती वकील पोरगी, हायकोर्टाच्या फरशीवर, जागच्या जागी पळू लागली. खडखड, खडखड, खडखड. आधी कारकून हसला, मग सगळे वकील, मग जज्जबाईसुद्धा. मैना हसली नाही. तिला त्या आवाजात सखा शेतातनं तिच्या दारी येताना ऐकू येत होता.

"आता ही पट्टी माझ्या हातात आहे," दीक्षानं पट्टी काढून हवेत धरली आणि पुन्हा पळाली. काहीच वाजलं नाही.

हसू थांबलं. जज्जबाई सरकारी वकिलाकडं वळल्या. "आवाज ऐकल्याचं कोण सांगतं?"

"मयताची पत्नी."

"ती खोटं बोलते, असं तुमचं म्हणणं आहे?"

"नाही, नाही. ती आमचीच मुख्य साक्षीदार आहे."

जज्जबाईंनी शेजारी पाहिलं. पिकल्या केसांच्या जज्जांनी मान डोलावली आणि ते सावकाश, थांबत थांबत इंग्रजीत सांगू लागले. खाली बसलेली मुलगी टाइप करत होती. मैनाला अक्षर कळत नव्हतं. तिनं नजर दीक्षाच्या पाठीवर रोखली. पाठ ताठ होती. मग दीक्षाचा मागं बांधलेला हात हळूहळू मुठीत आवळला गेला, आणि एकदम ती मूठ मैनाच्या दिशेनं उघडून पाची बोटं हलली, लहान मूल टाटा करतं तशी.

बाहेर व्हरांड्यात दीक्षानं तिला मिठी मारली. "तीनशे दोन रद्द! खून नाही, जीव घ्यायचा इरादा नव्हता असं मानलं. शिक्षा भोगली तेवढी पुरे. सुटला, मावशी, सखा सुटला!"

मैनानं असा हुंदका दिला की दोन पोलीस वळून बघायला लागले. तिनं त्यांच्याही हातात चटणी-भाकर ठेवली. पिशवीत ती खरंच होती.

"आन माजा तो कागद? माज्यावर केस कधी?"

"त्याची गरजच नाही पडली. मी देऊ केला, पण ते म्हणाले, नव्या पुराव्यात जायचं कारण नाही, चांगुणाबाईंच्या साक्षीत सगळं आहे. त्या साक्षीवरच सखाला सोडलंय त्यांनी."

मैनाचं रडणं तिथंच थांबलं. खालापूर येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, इतकी की कपिलनं दोनदा विचारलं, मावशी, बरं वाटत नाही का?

दुसऱ्या दिवशी शिळफाट्यावर तिनं अख्खी टोपली वाल फुकट वाटले आणि तशीच, रिकामी टोपली डोक्यावर घेऊन, शेतातली वाट धरून धामणवलीला गेली. चांगुणा दारात भात पाखडत होती. आठ वर्षांत तिचे केस पांढरे झाले होते, हे मैनाला आज दिसलं.

"ऐकलं मी," चांगुणा सूप खाली न ठेवताच म्हणाली. "सुटले भावजी."

"तुज्यामुळं सुटला गं." मैना उंबऱ्याशीच बसली. "त्या दिशी तू खडखडीचं बोलली नसतीस तर... कशाला बोललीस?"

"ऐकलं म्हनून बोलले. तुमचा भाऊ माजा नवरा व्हता, वन्सं. त्याच्या मरनावर मी खोटं कशाला ठेवू?"

"मी तुला आठ वरसं शिव्या दिल्या गं, चांगुणा. रोज दिल्या."

"ठाऊक हाय मला." चांगुणानं सुपातला एक खडा टिपून बाहेर टाकला. "मला तर हेबी ठाऊक हाय, कोयता कुठं गेला ते. भावजी पळाले ते तुमच्याच वाटनं. कुनी इचारलंच नाय मला." मैनानं तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि पोटभर रडली. चांगुणा सूप हलवत राहिली. मग तिचंही सूप थांबलं.

कागद तुरुंगात पोचायला पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी सखा शिळफाट्यावर एसटीतून उतरला, हाडकुळा, कानाजवळ पांढरा, आणि अख्ख्या बाजारानं त्याला मैनाच्या आरोळीवरून ओळखलं. तिनं त्याला घरात टेकूसुद्धा दिलं नाही. साळवडच्या दारातूनच पोपटला बरोबर घेतलं, कोयता घेतला, आणि सखाला सरळ बांधावर नेला.

चांगुणा ऐनाखाली वाट बघत उभी होती. सखानं तिला पाहिलं आणि तो दहा पावलांवरच थांबला.

"ह्ये झाड आठ वरसं कुनी तोडलं नाय," चांगुणाच म्हणाली. "सगळी सावली माज्या रोपावर पडते. राबाला कवळं दुसऱ्याकडनं आनायला लागतात."

"वैनी, मी नाय चढनार," सखा म्हणाला. "ह्या झाडावर नाय. पाया पडतो."

चांगुणानं मैनाच्या हातातला कोयता घेतला आणि त्याच्यापुढं धरला. "चढा. दादा नाय खाली, मी हाय. तुमी उतरेपर्यंत मी हितंच उभी ऱ्हाते."

पोपटनं आपली आकडी सोडली आणि सखाच्या कमरेला बांधली. सखानं पाठीमागं हात नेऊन कोयता खाचेत सरकवला. हाताला खाच आठ वर्षांनंतरही बरोबर सापडली. तो चढू लागला तसा कोयता आकडीत खडखडू लागला, आणि खाली दोन बायका एकमेकींचा हात धरून वर बघत उभ्या राहिल्या.